फुलाला मनाई, पानाला मुभा

बंगळुरूच्या आग्नेय भागात, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्यामध्ये वसलेल्या एचएसआर लेआउट या वसाहतीत सज्ञान माणसाला परवानाधारक दुकानातून मद्य घेता येते आणि टपरीवरून सिगारेट घेता येते. परंतु आजारावरचा उपचार म्हणून नव्हे, तर केवळ मौजेसाठी गांजा विकत घेण्याची कायदेशीर सोय त्या वसाहतीत नाही, बंगळुरूत नाही आणि भारतात कोठेही नाही. असे असताना, याच वसाहतीत राहणाऱ्या संगणक अभियंत्याच्या मोबाइलवर भांगेच्या झाडापासून केलेल्या तेलाच्या, चघळायच्या गोळ्यांच्या आणि बियांच्या जाहिराती येतात, त्यांतील बऱ्याच वस्तूंमागे रीतसर परवाना असतो, आणि त्याच अभियंत्याचा टोरांटोत किंवा न्यू जर्सीत स्थायिक झालेला वर्गमित्र मात्र ओळखपत्र दाखवून कोपऱ्यावरच्या दुकानातून गांजा घेऊन येतो. एकाच झाडाच्या बाबतीत इतके निरनिराळे व्यवहार डोळ्यांसमोर असताना पुण्या-नागपूर-कोल्हापुराहून नोकरीसाठी येथे आलेल्या तरुणाचा गोंधळ उडाला तर त्यात नवल नाही. परंतु या गोंधळाची किंमत तुरुंगवासापर्यंत जाऊ शकते, म्हणून तो सोडवून मांडणे अगत्याचे आहे. गोंधळाचे मूळ असे की भारतीय कायद्याने परवानगी आणि मनाई यांतली रेष झाडाच्या अवयवांवरून ओढली आहे, तर कॅनडाने आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी ती ग्राहकाच्या वयावरून आणि मात्रेवरून ओढली आहे.

भारतातील मूळ कायदा म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, जो वृत्तपत्रांत एनडीपीएस या आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि जो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आला. भांगेच्या झाडाच्या मादी फुलोऱ्यावर आणि त्याच्या लगतच्या बारीक पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात, त्यांतून चिकट राळ स्रवते आणि नशा आणणारे द्रव्य मुख्यतः त्या राळेत साठते. झाडाच्या खालच्या मोठ्या पानांत ते बरेच कमी असते आणि बियांच्या गरात जवळजवळ नसतेच. कायद्याची व्याख्या या वनस्पतिशास्त्राला धरून चालते. झाडापासून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस, फुललेले किंवा फळलेले शेंडे म्हणजे गांजा, आणि या दोहोंपैकी कशाचेही मिश्रण किंवा पेय, एवढ्याच गोष्टींना हा कायदा 'कॅनाबिस' म्हणतो; शेंडे सोबत नसतील तर पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. भांग पानांपासून वाटली जाते, त्यामुळे ती या केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहते.

शिक्षेचा हिशेब वजनावर चालतो. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे वजन 'अल्प प्रमाण' मानले जाते आणि वीस किलोंच्या पुढचे 'व्यापारी प्रमाण'. चरसाच्या बाबतीत हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो असे आहेत. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, आणि व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड अशी चढती भाजणी आहे. नुसत्या सेवनासाठीही कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'अल्प प्रमाण' या शब्दांमुळे तेवढा गांजा जवळ बाळगण्यास हरकत नाही, असा एक समज तरुणांमध्ये पसरलेला आढळतो. तो साफ चुकीचा आहे, कारण हे शब्द शिक्षेची पायरी सांगतात, मुभा देत नाहीत, आणि खिशातली पाच ग्रॅमची पुडीसुद्धा गुन्हाच ठरते. याच कायद्यात कलम ६४-अ नावाची एक माणुसकीची तरतूदही आहे, जिच्याखाली व्यसनाधीन माणूस अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात आरोपी असला आणि शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेत असला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. एचएसआर लेआउटपासून होसूर रस्त्यानेच शहराकडे गेले की निम्हान्स ही केंद्रीय संस्था लागते आणि तिचे व्यसनोपचार केंद्र देशातील अग्रगण्य केंद्रांपैकी आहे. ही तरतूद आणि हे ठिकाण या दोहोंची माहिती जितक्या घरांत असायला हवी तितक्या घरांत ती नाही.

फूल आणि पान यांतला भेद न्यायालयात कसा उभा राहतो, याचे उदाहरण एचएसआर लेआउटच्या शेजारीच घडले आहे. जून २०२२ मध्ये दक्षिणेकडच्या बेगूर भागात पोलिसांनी एका व्यक्तीला २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजा यांसह अटक केली, आणि जामिनाचा अर्ज कर्नाटक उच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. नटराजन यांच्यापुढे आला, तेव्हा प्रश्न असा होता की या २९ किलोंची गणना गांजात करायची की नाही. कारण तशी केली असती तर प्रकरण व्यापारी प्रमाणाच्या कठोर चौकटीत गेले असते, जिथे जामीन मिळणे अतिशय दुरापास्त असते. ऑगस्ट २०२२ च्या आदेशात न्यायालयाने, मुंबई उच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निकालासह आधीच्या निर्णयांचा आधार घेऊन, भांग ही एनडीपीएस कायद्यातील निषिद्ध वस्तू नाही असे म्हटले, ही भांग गांजापासून किंवा चरसापासून बनवली असल्याचा शास्त्रीय पुरावा समोर नसल्याचे नोंदवले, आणि उरलेला ४०० ग्रॅम गांजा अल्प प्रमाणात मोडत असल्यामुळे जामीन दिला. या आदेशाच्या बातम्या 'भांग कायदेशीर' अशा मथळ्यांखाली फिरल्या, परंतु त्या मथळ्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली.

उरलेली अर्धी गोष्ट राज्यांच्या अबकारी कायद्यांत आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीप्रमाणे भांगेच्या झाडापासूनच्या मादक द्रव्यांवर अबकारी कर बसवण्याचा अधिकार राज्यांकडे आहे, आणि त्यामुळे केंद्रीय कायद्याने मोकळी सोडलेली भांग प्रत्येक राज्यात वेगवेगळ्या दाराने अडवली किंवा आत घेतली जाते. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात शासनाच्या परवान्याने चालणारी भांगेची दुकाने आहेत. जैसलमेरच्या किल्ल्याजवळचे दुकान तर परदेशी पर्यटकांच्या परिचयाचे झाले आहे, आणि वाराणसीत ठंडाईत भांग घालून घेणे ही राजरोस गोष्ट आहे. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेलाही मादक द्रव्यांत मोजले, म्हणून होळीच्या दिवशी घोटली जाणारी भांगसुद्धा परवान्याशिवाय विकता किंवा बाळगता येत नाही. भारतात 'सज्ञान माणसाने मौजेसाठी दुकानातून कायदेशीर खरेदी करणे' या वर्णनाच्या सर्वांत जवळ येणारी गोष्ट म्हणजे उत्तरेतील हा भांगेचा ठेका होय.

एचएसआर लेआउटमधील सज्ञान रहिवाशाला भांगेच्या झाडाची जी वस्तू रीतसर मिळते ती औषधाच्या वाटेने येते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत या वनस्पतीला 'विजया' म्हणतात आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खालील नियमांच्या ई-१ या अनुसूचीत, म्हणजे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषारी द्रव्यांच्या यादीत, बचनाग, धोतरा आणि बिब्बा यांच्या पंगतीत, बिया वगळून भांगेचाही समावेश आहे. राज्याच्या आयुष परवाना प्राधिकरणाकडून परवाना घेतलेला उत्पादक पानांचा अर्क काढून त्यापासून तेल, गोळ्या किंवा मलम बनवू शकतो, आणि नोंदणीकृत वैद्याने चिठ्ठी दिल्यावर ते रुग्णाला विकता येते. फेब्रुवारी २०२० मध्ये एचएसआर लेआउटला लागून असलेल्या कोरमंगलात 'वेदी' या नावाने असा एक दवाखाना सुरू झाला आणि वृत्तपत्रांनी तो देशातील या प्रकारचा पहिला दवाखाना म्हणून नोंदवला. त्यानंतर हा व्यवहार मोठ्या प्रमाणात ऑनलाइन झाला: ग्राहक निद्रानाश, जुनाट वेदना किंवा चिंता अशी तक्रार नोंदवतो, वैद्य दूरध्वनीवरून चौकशी करून चिठ्ठी देतो आणि माल कुरिअरने घरी येतो.

अशी बाटली हातात आली की तिच्यावर काय वाचावे, हे ठाऊक असणे फार उपयोगाचे आहे. आयुष परवान्याचा क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, 'विजया' किंवा 'भांग' या घटकाचे मिलीग्रॅममधील प्रमाण, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीचा इशारा या गोष्टी लेबलावर असल्या पाहिजेत, आणि सोबत प्रयोगशाळेचा तपासणी-अहवाल मिळत असेल तर त्यात टीएचसी आणि सीबीडी यांचे वेगवेगळे आकडे असतात. टीएचसी, म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, हे नशा आणणारे द्रव्य. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, हे त्याच झाडातील दुसरे द्रव्य, जे तशी नशा आणत नाही. पानांत टीएचसी कमी असले तरी अर्क काढताना ते एकवटते, म्हणून 'पानांचे आहे, म्हणजे सौम्य आहे' असे धरून चालणे धोक्याचे आहे. परवाना क्रमांक नसलेली, समाजमाध्यमांवरून किंवा निरोपांच्या अ‍ॅपवरून विकली जाणारी, परदेशी वेष्टनातली गोड गोळी या वर्गात मोडत नाही. ती विकत घेणारा माणूस औषधाचा ग्राहक ठरत नाही, तो थेट एनडीपीएस कायद्याच्या कचाट्यात सापडतो. चिठ्ठी मिळवण्यासाठी नसलेला आजार सांगणे हीही पळवाट म्हणून अनेकांना सुचते, आणि तिचा सर्वांत मोठा तोटा असा की ज्या रुग्णांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठीची ही अरुंद वाट त्यामुळे संशयाखाली येते.

बियांची गोष्ट याहून सोपी आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये भांगेच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली आणि टीएचसीची मर्यादा किलोमागे पाच मिलीग्रॅम इतकी खाली ठेवली. कुमाऊंच्या डोंगरात या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. एचएसआर लेआउटमधील आरोग्यदायी खाद्यपदार्थांच्या दुकानात त्या प्रथिनांसाठी घेतल्या जातात. त्यांनी नशा येत नाही.

सरकारी परवान्याने चालणारे गांजाचे दुकान ही परदेशातून आलेली कल्पना आहे, असे आज अनेकांना वाटते. परंतु इंग्रजी अमदानीत अशी दुकाने देशभर होती आणि त्यांचे लिलाव होत. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याखाली गांजाच्या विक्रीचे परवाने दिले जात, तेव्हाच्या अहमदनगर आणि सातारा जिल्ह्यांत त्याची लागवड होई, आणि मध्य प्रांतात निमाडमधील खंडवा हे त्याचे केंद्र होते. ब्रिटिश संसदेत १८९३ साली या व्यापाराविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावर सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा इंडियन हेम्प ड्रग्ज आयोग नेमला, ज्यात तीन सदस्य भारतीय होते. आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांच्या साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी एकेक करून तपासल्या, कारण गांजाने वेड लागते हा तेव्हाचा मुख्य आरोप होता, आणि त्यांतील कित्येक नोंदींत पुरेशा चौकशीविनाच गांजाच्या माथी दोष मारल्याचे त्याला आढळले. १८९४ च्या अहवालात माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेकाने मात्र शरीराची आणि मनाची हानी होते, आणि म्हणून संपूर्ण बंदीऐवजी कर, परवाना आणि मर्यादा यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. तत्कालीन सरकारला महसुलाचा मोह होता हे खरे असले तरी पुरावा गोळा करण्याची या आयोगाची चिकाटी आजही आदर वाटावा अशी आहे.

बंदीची वाट आंतरराष्ट्रीय करारातून आली. संयुक्त राष्ट्रांच्या १९६१ च्या एकल कराराने गांजा आणि चरस यांना कडक यादीत घातले, पाने व बिया व्याख्येतून वगळल्या, आणि ज्या देशांत परंपरेने सेवन चालते त्यांना ते बंद करण्यासाठी करार अंमलात आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत दिली. करार डिसेंबर १९६४ मध्ये अंमलात आला. म्हणूनच १९८५ च्या भारतीय कायद्यात कलम ८ ला एक परंतुक जोडलेले दिसते, ज्याच्यामुळे गांजावरील पूर्ण मनाई केंद्राच्या वेगळ्या अधिसूचनेपर्यंत लांबणीवर पडली होती आणि ती १९८९ च्या अखेरीस, मुदत संपतासंपता, लागू झाली. पन्नाशीच्या पुढच्या पिढीने परवान्याचे गांजाचे दुकान पाहिलेले असू शकते, ते यामुळेच. बंदीने सेवन थांबले नाही: सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाप्रमाणे १० ते ७५ या वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी लोकांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता आणि त्यांपैकी सुमारे १.३ कोटी लोक गांजा किंवा चरस घेणारे होते. या १.३ कोटी लोकांच्या हातात पडणाऱ्या पुडीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

परदेशातील परवानाधारक दुकान, ज्याला अमेरिकेत डिस्पेन्सरी म्हणतात, वेगळे ठरते ते नेमके या मुद्द्यावर. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून मौजेसाठीचा गांजा कायदेशीर केला. ब्रॅम्प्टन, मिसिसागा या मराठी कुटुंबांच्या परिचयाच्या शहरांचा प्रांत असलेल्या ऑन्टारिओत किमान वय १९ आहे, क्वेबेकमध्ये २१ आणि अल्बर्टात १८. ऑन्टारिओतल्या दुकानात वयाचा पुरावा तपासला जातो, माल ग्राहकाच्या हाताला लागणार नाही असा ठेवलेला असतो, आणि विक्रेता प्रशिक्षण घेतलेला असतो, पण तो वैद्य नसतो आणि अमुक आजार बरा होईल असे सांगण्यास त्याला मनाई असते. सार्वजनिक ठिकाणी सज्ञान माणसाला ३० ग्रॅम सुका गांजा किंवा त्याच्या तोडीचा अन्य माल बाळगता येतो; तोड ठरवण्यासाठी एक ग्रॅम सुक्या गांजाबरोबर १५ ग्रॅम खाद्यप्रकार किंवा ५७० ग्रॅम पेय असे सरकारी कोष्टकच आहे.

खाद्यप्रकाराची एक पुडी जवळून पाहिली तर या व्यवस्थेचा सगळा विचार तिच्यावर छापलेला दिसतो. वेष्टन एकरंगी आणि लहान मुलाला सहज उघडता येणार नाही असे असते, त्यावर लाल अष्टकोनात पांढरे पान आणि टीएचसी ही अक्षरे असतात, पिवळ्या चौकटीत आरोग्याचा इशारा असतो, प्रांताच्या ठरलेल्या रंगाचा अबकारी शिक्का असतो, आणि टीएचसी व सीबीडी यांचे आकडे मिलीग्रॅममध्ये दिलेले असतात. संपूर्ण पुडीत मिळून दहा मिलीग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी असता कामा नये. अमेरिकेतील कोलोरॅडोत, जिथे १ जानेवारी २०१४ पासून अशी दुकाने चालू आहेत, मर्यादा प्रत्येक घासामागे दहा मिलीग्रॅम आणि पुडीमागे शंभर मिलीग्रॅम अशी ढिली आहे.

या आकड्यांचे महत्त्व शरीराच्या कारभारातून येते. रॅफेएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये टीएचसी वेगळे काढून त्याची रचना सांगितली, पुढे मेंदूतील ज्या ग्राहींवर ते बसते ते सापडले, आणि १९९२ मध्ये शरीर स्वतःच बनवत असलेले, त्याच ग्राहींवर बसणारे द्रव्य हाती लागले तेव्हा संशोधकांनी त्याला संस्कृत 'आनंद'वरून आनंदामाइड असे नाव दिले. धूर ओढला की टीएचसी फुप्फुसांतून काही मिनिटांत मेंदूत पोहोचते आणि परिणाम साधारण दोन ते चार तास राहतो. खाल्ले तर ते आधी यकृतात जाते, तिथे त्याचे अधिक प्रखर अशा दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होते, परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकू शकतो. मधल्या काळात 'काहीच होत नाही' असे वाटून माणूस दुसरी गोळी खातो आणि दोन्हींचा भार एकदम चढतो: छाती धडधडते, भीतीचा झटका येतो, भ्रम होतो. होळीच्या दिवशी भांगेचा दुसरा पेला रिचवून अस्ताव्यस्त झालेल्या माणसाची स्थिती हीच असते. फरक एवढाच की पेल्यावर मिलीग्रॅमचा आकडा कोणी लिहिलेला नसतो.

दुकान कायदेशीर असले म्हणून द्रव्य निरुपद्रवी होत नाही. किशोरवयात सुरुवात केलेल्यांना व्यसन जडण्याचा आणि मनोविकाराची आनुवंशिकता असलेल्यांना भ्रमविकार उद्भवण्याचा धोका जास्त असतो, गरोदरपणात आणि वाहन चालवताना सेवन घातक असते, आणि ऑन्टारिओत खाद्यप्रकार विक्रीस आल्यानंतर लहान मुलांनी ते चुकून खाल्ल्यामुळे रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रकार वाढल्याचे तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले. त्यातच आजच्या निवडक जातींच्या गांजात टीएचसीचे प्रमाण तीस वर्षांपूर्वीच्या कित्येक पट आहे, म्हणून आजोबांच्या चिलमीचा दाखला आजच्या फुलोऱ्याला लागू पडत नाही.

मराठी कुटुंबांपुढचा सर्वांत नाजूक प्रश्न सीमेवर उभा राहतो. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरील कोणालाही एका वेळी एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, गांजा विकत घेता येतो, आणि एडिसनमध्ये राहणाऱ्या एच-वन-बी व्हिसाधारकाला दुकानदार नाही म्हणत नाही. परंतु अमेरिकेच्या संघीय कायद्याने मौजेसाठीचा गांजा निषिद्धच आहे, स्थलांतराचा कायदा संघीय आहे, आणि नागरिक नसलेल्या माणसाने अधिकाऱ्यापुढे सेवनाची कबुली दिली तरी त्याला देशात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. एप्रिल २०१९ मध्ये तेथील नागरिकत्व खात्याने तर राज्याच्या कायद्याला धरून केलेले सेवन किंवा त्या उद्योगातील नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकते, असे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या मुलाला हे त्याच्या आईवडिलांनी नाही, तर निदान वकिलाने तरी पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे.

परतीच्या प्रवासात धोका उलट दिशेने येतो. कॅनडातून गांजा कोणत्याही देशात नेणे तिथल्याच कायद्याने गुन्हा आहे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा निषिद्ध यादीतून काढला आणि बँकॉकमध्ये पावलोपावली दुकाने उघडली, त्यानंतर तिकडून आणलेला, मातीविना पाण्यात वाढवलेला 'हायड्रो' गांजा मुंबईच्या आणि बंगळुरूच्या विमानतळांवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वारंवार पकडला. खुद्द थायलंडनेही जून २०२५ मध्ये विक्री पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीपुरती आवळली. दुकानाची पावती सामानात असली तरी भारतात तिला अर्थ नाही, कारण आयात हा एनडीपीएस कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. खाद्यप्रकारांचा धोका तर आणखी वाढतो: सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे मिश्रणाचे प्रमाण ठरवताना अमली द्रव्याबरोबर त्यातील साखर, पीठ किंवा अन्य निरुपद्रवी घटकांचेही वजन धरले जाते, आणि म्हणून मिलीग्रॅमभर द्रव्य असलेला चॉकलेटचा डबा कायद्याच्या तराजूत अख्ख्या डब्याच्या वजनाने भरतो.

एचएसआर लेआउटमध्ये कॅनडासारखे दुकान उघडायचे म्हटले तर कर्नाटक सरकारच्या हाती तेवढे अधिकार नाहीत. एनडीपीएस कायद्याचे कलम १० राज्यांना लागवड, उत्पादन आणि विक्री यांचे नियम करू देते, परंतु कलम ८ ची चौकट वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांपुरतीच आहे. मौजेसाठीच्या फुलाला मोकळीक द्यायची तर संसदेला कायदा बदलावा लागेल आणि १९६१ च्या कराराचा प्रश्नही सोडवावा लागेल. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात गांजाला कराराच्या सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या बहुमताने संमत झाला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. परंतु ते मत औषधी उपयोगाच्या मान्यतेपुरते होते आणि देशांतर्गत कायदा त्याने हलला नाही. उत्तराखंडने २०१८ पासून धाग्यासाठी आणि बियांसाठी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी टीएचसी असलेल्या झाडाच्या लागवडीचे परवाने दिले, हिमाचल प्रदेश औषधी व औद्योगिक लागवडीच्या दिशेने पावले टाकत आहे. दोन्ही ठिकाणी मौजेच्या विक्रीचा प्रश्न बाजूलाच ठेवला आहे.

पानाची गोष्ट मात्र राज्यांच्या अखत्यारीत आहे, आणि तिथेच सर्वांत मोठी हेळसांड होते. उत्तर प्रदेशातील किंवा राजस्थानातील परवान्याच्या दुकानात मिळणाऱ्या भांगेच्या गोळीवर टीएचसीचा आकडा, बॅच क्रमांक, परिणाम सुरू व्हायला लागणारा वेळ आणि वाहन न चालवण्याचा इशारा छापण्याची सक्ती करायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. अबकारी परवान्याच्या अटींत चार ओळी वाढवणे पुरेसे आहे. ज्या २.२ कोटी लोकांनी वर्षभरात भांग घेतल्याचे २०१९ च्या सर्वेक्षणात आढळले, त्यांच्या पेल्यातल्या द्रव्याचे मोजमाप आजही वाटणाऱ्याच्या अंदाजावर सोडलेले आहे.